जोई डनलॉप: पिवळं हेल्मेट, पाच लेकरं आणि जालन्याइतका लांब रस्ता

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेले "म्हणजे... म्हणजे" आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या वगळल्यात.

सुरुवात आपल्या गावापासून. जालना रोडवर सिग्नलला थांबलात की पुढच्या स्कोडाच्या मागे कधीकधी "लॉरिन अँड क्लेमेंट" असं लिहिलेलं दिसतं. शेंद्र्याचा कारखाना २००१ पासून आहे, त्यामुळे या गाड्यांचं आपल्याला फारसं कौतुक उरलेलं नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं की ते एखाद्या महागड्या सीटकव्हरच्या कंपनीचं नाव असेल. ती दोन माणसं आहेत. वात्स्लाव लॉरिन हा मेकॅनिक आणि वात्स्लाव क्लेमेंट हा पुस्तकविक्रेता. क्लेमेंटची सायकल बिघडली, त्याने कंपनीला झेक भाषेत तक्रार लिहिली, आणि "आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा" अशा अर्थाचं उर्मट उत्तर जर्मनमधून आलं. भाषेवरून डिवचलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. १८९५ मध्ये या दोघांनी म्लादा बोलेस्लाव या गावात स्वतःचं सायकलचं दुकान काढलं. पुढे मोटरसायकली केल्या, मग मोटारी, आणि १९२५ मध्ये ती कंपनी स्कोडात विलीन झाली.

आजच्या गोष्टीसाठी त्यांच्या मोटरसायकली महत्त्वाच्या. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये दूर्दाँ इथे मोटरसायकलींचा आंतरराष्ट्रीय चषक झाला आणि तो लॉरिन-क्लेमेंटच्या गाडीवर वोंद्रिख नावाच्या स्वाराने जिंकला. त्यामुळे १९०६ ची शर्यत बोहेमियात, पात्साऊ गावाजवळ झाली. तिथे पुख कंपनीचे ऑस्ट्रियन स्वार जिंकले आणि भांडण पेटलं. वाटेत त्यांच्यासाठी सुटे भाग घेऊन साइडकारवाल्या गाड्या फिरत होत्या, असा इंग्रजांचा आक्षेप. त्यात गाडीचं वजन ५० किलोच्या आत असलं पाहिजे असा नियम होता. म्हणजे लोक सायकलीच्या सांगाड्यात राक्षसी इंजिन बसवायचे आणि देवाचं नाव घेऊन सुटायचे. परतीच्या आगगाडीत वैतागलेल्या इंग्रजांनी ठरवलं की आपली वेगळी शर्यत काढायची, आणि तीही लोक रोज वापरतात तसल्या गाड्यांची.

पण इंग्लंडमध्ये ताशी २० मैलांची मर्यादा, आणि रस्ता बंद करून शर्यत लावायला परवानगी नाही. आयल ऑफ मॅन हे बेट मात्र ब्रिटनच्या राजाचं असूनही स्वतःची संसद असलेलं. तिथे कायदा करून रस्ता बंद करता येत होता. २८ मे १९०७ ला पहिली टीटी झाली, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी. एक सिलिंडरवाल्या गटात मॅचलेस गाडीवर चार्ली कॉलियर जिंकला, सरासरी ताशी ३८ मैल. किती पेट्रोल वापरायचं यालाही बंधन होतं. ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न शर्यतीतही! आपल्या लोकांना ही शर्यत नक्की आवडली असती.

आता गोष्ट ज्याची आहे त्याच्याकडे येतो.

मी ही सगळी वाचायची भानगड सुरू केली ती माझ्या घरातल्या एका प्रश्नामुळे. तीन वर्षांपूर्वी पहिला बरा बोनस मिळाला तेव्हा मी केटीएम ३९० घेतली. गेल्या वर्षी मुलगी झाली. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. आणि लॅपटॉपवर गेले दोन महिने एक टॅब उघडी आहे, कोइम्बतूरच्या ट्रॅकवर दोन दिवसांचं रायडिंग शिक्षण. फॉर्म जवळजवळ भरून झालाय. "अपघात झाल्यास कोणाला कळवायचं" हा रकाना आला की मी टॅब बदलतो आणि ऑफिसचं काम करतो. आमच्या क्षेत्रात याला "नंतर बघू"च्या यादीत टाकणं म्हणतात, आणि त्या यादीतलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तर अशात एका रात्री जोई डनलॉप भेटला. भेटला म्हणजे वाचनात. त्याच्याबद्दल जिथे तिथे दोन गोष्टी एकाच दमात लिहिलेल्या असतात: कुटुंबवत्सल माणूस, आणि जगातल्या सगळ्यात धोकादायक शर्यतीचा राजा. मला हे दोन्ही एका वाक्यात बसेनात.

आधी आडनावाचा घोळ मिटवू. टायरवाला डनलॉप वेगळा. त्याने हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टला बनवला, आणि हा जोईसुद्धा उत्तर आयर्लंडचाच, पण नातं काही नाही. जन्म २५ फेब्रुवारी १९५२, बॅलीमनी गावाजवळ. वडील मेकॅनिक. घरात पैसा नाही. पहिली शर्यत १९६९ मध्ये, ट्रायम्फच्या टायगर कब या जुन्या गाडीवर. १९७२ मध्ये लिंडाशी लग्न. पुढे पाच मुलं. गावात स्वतःचा बार होता, तिथे काउंटरमागे उभा असायचा. लाजाळू. मुलाखत द्यायची म्हणजे अंगावर काटा, आणि बोलला तर उच्चार इतके गावठी की इंग्रजांनाही कळायचे नाहीत. शर्यतीच्या आधी सिगरेट. डोक्यावर कायम पिवळं हेल्मेट. अंगात लाल टी-शर्ट, कारण तो शुभ.

आणि टीटीमध्ये २६ विजय. पहिला १९७७ ला, शेवटचे तीन २००० साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, एकाच आठवड्यात. १९८२ पासून १९८६ पर्यंत सलग पाच वर्षं टीटी फॉर्म्युला वनचा जगज्जेता. त्याच्याआधी टीटीतला विक्रम माइक हेलवूडचा, १४ विजयांचा.

या आकड्यांचा अर्थ लागायला रस्ता डोळ्यासमोर आणायला हवा. टीटीचा एक फेरा ६०.७ किलोमीटरचा आहे. क्रांती चौकातून जालन्यापर्यंत धरा. हा ट्रॅक नाही, खराखुरा रस्ता आहे: दगडी भिंती, घरांची दारं, विजेचे खांब, चर्च, पूल, मध्ये डोंगर. दोनशेच्या वर वळणं. रस्ता समुद्राजवळून निघून चारशे मीटरच्या वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. सगळे एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेक जण सुटतो आणि घड्याळाशी शर्यत लावतो. २००० साली मोठ्या गाड्यांच्या सीनियर शर्यतीत जोई तिसरा आला. त्यात त्याने आयुष्यातला सगळ्यात वेगवान फेरा मारला, सरासरी ताशी १२३.८७ मैल. म्हणजे जालना सव्वाअठरा मिनिटांत, बदनापूरच्या गर्दीसकट. असे सहा फेरे, म्हणजे इथून मुंबईपेक्षाही थोडं जास्तच.

आजवर या रस्त्यावर अडीचशेहून जास्त स्वार गेलेत. हा आकडा मी मुद्दाम इथेच, वेगाच्या शेजारी ठेवतोय.

आता इंजिन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून द्या.

जोईने होंडासारख्या बलाढ्य कंपनीकडून वर्षानुवर्षं शर्यती केल्या, तरी रात्री गॅरेजमध्ये पान्हा हातात घेऊन स्वतःच बसलेला असायचा. विशेषतः १२५ आणि २५० सीसीच्या छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांवर. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच जातं. कार्ब्युरेटरमध्ये जेट नावाचा एक पितळी तुकडा असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून किती पेट्रोल जाणार हे ठरतं. भोक मोठं असलं की इंजिन गुदमरतं, धूर काढतं, पळत नाही. लहान असलं की मस्त पळतं, आणि मग पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागीच थांबतं. ताशी दोनशे किलोमीटरला. म्हणून टू-स्ट्रोक चालवणाऱ्या जुन्या लोकांची दोन बोटं कायम क्लचवर असतात. सगळ्यात वेगवान जागा ही सगळ्यात धोकादायक जागेच्या अगदी शेजारची खोली.

आणि ही जागा रोज बदलते. हवा दमट, हवा थंड, हवा विरळ, प्रत्येकाला जेट वेगळा. टीटीच्या रस्त्यावर तर एकाच फेऱ्यात समुद्रकाठची हवा आणि डोंगरावरची हवा. तिथे एकच जेट बसवून साठ किलोमीटर काढायचे. खाली चांगला तो वर चुकणार. हा हिशेब त्या काळात कानाने, वासाने आणि प्लगचा रंग बघून करायचे.

प्लगचा रंग म्हणजे काय हे मला वाचावं लागलं नाही. माझे बाबा वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते आतलं बेअरिंग ऐकायचे. आमच्या गल्लीतली प्रत्येक गाडी कोणाची हे त्यांना न बघता कळायचं. त्यांच्याकडे यामाहा आरएक्स १०० होती, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि रविवारी सकाळी प्लग काढून मला दाखवायचे. "काळा म्हणजे जास्त पिऊ राहिली. पांढरा म्हणजे मरणार. चहासारखा पाहिजे. दुधाचा चहा." मी तिसरीत होतो. नंतर तिसरी-चौथीतच कधीतरी ती गाडी विकली गेली आणि घरात स्कूटर आली. कार्ब्युरेटरचे जुने जेट मात्र अजून आहेत, बिस्किटाच्या डब्यात, आईच्या सुया-दोऱ्यांसोबत.

असो. जोईकडे परत.

या माणसाच्या आयुष्यात १९७९ आणि १९८० ही दोन वर्षं फार वाईट गेली. तो, त्याचा भाऊ जिम, बहिणीचा नवरा मर्विन रॉबिन्सन आणि मित्र फ्रँक केनेडी अशी चौकडी होती, शेजारच्या गावावरून लोक त्यांना "आर्मॉय आर्माडा" म्हणायचे. आर्माडा म्हणजे युद्धनौकांचा ताफा. नॉर्थ वेस्ट २०० या त्यांच्या घरच्या शर्यतीत १९७९ ला फ्रँकचा अपघात झाला आणि त्यात तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच शर्यतीत मर्विन गेला. जोईने सोडून द्यायचा विचार केला. आणि काही आठवड्यांत तो टीटीच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता. ती शर्यत तो जिंकला.

मी हे वाचून लॅपटॉप बंद केला होता. मला राग आला होता, खरं सांगतो. बहीण विधवा झालीय, घरात स्वतःची लहान मुलं आहेत आणि हा जेट बदलतोय!

पण मग पुढचं वाचलं की राग नीट टिकत नाही. १९८५ च्या मे महिन्यात तो गाड्या घेऊन मासेमारीच्या बोटीने आयल ऑफ मॅनला निघाला आणि बोट बुडाली. माणसं वाचली, गाड्या पाणबुड्यांनी वर काढल्या. त्या वर्षी त्याने तीन शर्यती जिंकल्या. १९८९ मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर मोठा अपघात झाला, पाय आणि मनगट मोडलं. लोकांनी त्याला संपलेला धरला. तो छोट्या गाड्यांवर परत आला आणि १९९३ ला १२५ सीसीच्या शर्यतीतच हेलवूडचा विक्रम मोडला.

आणि नव्वदच्या दशकातच तो दुसरं काहीतरी करत होता, ज्याचा त्याने गाजावाजा केला नाही. रोमानिया, बोस्निया, अल्बानिया इथल्या अनाथाश्रमांची हालत टीव्हीवर दिसत होती. जोई आपली शर्यतीची व्हॅन घ्यायचा, गावातून कपडे, खाणं, औषधं गोळा करून भरायचा आणि एकटा निघायचा. हजारो किलोमीटर. झोप व्हॅनमध्ये. सामान संस्थेच्या कार्यालयात न देता आश्रमाच्या दारात नेऊन उतरवायचा. १९८६ ला त्याला शर्यतींसाठी ब्रिटिश सरकारचा किताब मिळाला होता. १९९६ ला त्याहून वरचा मिळाला, तो या कामासाठी.

इथे मला एक शंका आहे आणि ती मी दाबून ठेवणार नाही. लेकरांवर जीव असलेला माणूस लेकरांना सोडून परक्यांच्या लेकरांसाठी एकटाच महिनाभर व्हॅन हाकत जातो, हेही शर्यतीसारखंच नाही का? तोच रस्ता, तोच एकांत, तेच इंजिन. काही माणसांना प्रेम करायलासुद्धा स्टीअरिंग लागतं. मी त्याला दोष देत नाहीये. मला ते ओळखीचं वाटतं, एवढंच. माझे बाबा आजारी माणसाला भेटायला गेले की दोन मिनिटांत त्यांच्या घरचा पंखा उघडून बसतात.

जून २०००. टीटीत तीन विजय. हे सगळं संपवून माणसाने घरी बसावं. जोईने व्हॅनमध्ये गाड्या भरल्या आणि एस्टोनियाची राजधानी टालिन गाठली. जगाच्या नजरेत किरकोळ शर्यत. झाडांमधला रस्ता, बघायला गर्दी, मोठ्या कंपनीची कटकट नाही. त्याच स्पर्धेत तो आधी दोन शर्यती जिंकला. मग २ जुलैला पाऊस सुरू झाला आणि १२५ सीसीच्या शर्यतीत, सगळ्यात छोट्या गाडीवर, त्याची गाडी ओल्या रस्त्यावर घसरून झाडांवर गेली. तो जागीच गेला.

बॅलीमनीची वस्ती तेव्हा नऊ हजारांच्या आसपास. अंत्ययात्रेला सुमारे पन्नास हजार माणसं आली. याचं मोल समजायला त्या भागाचा तो काळ आठवावा लागतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं तीस वर्षांचं रक्तरंजित भांडण १९९८ च्या करारानंतर नुकतं कुठे निवत होतं. त्याच वर्षीच्या जुलैत याच बॅलीमनीत एका घरावर पेट्रोलबॉम्ब पडून तीन लहान भाऊ मेले होते. आणि २००० च्या त्या आठवड्यात ड्रमक्रीच्या मिरवणुकीवरून पुन्हा दंगली पेटलेल्या. अशात दोन्ही बाजूंची माणसं एका गावात, एका रस्त्यावर, एका मेकॅनिकच्या पोरासाठी गप्प उभी राहिली. जोई स्वतः प्रोटेस्टंट घरातला, पण त्याच्या बारमध्ये कोण कुठला हे कोणी विचारत नसे.

गोष्ट इथे थांबली असती तर सोपं होतं. धाकटा भाऊ रॉबर्ट २००८ च्या मे महिन्यात नॉर्थ वेस्ट २०० च्या सरावात गेला. दोन दिवसांनी त्याचा मुलगा मायकल त्याच ठिकाणी गाडीवर बसला आणि २५० सीसीची शर्यत जिंकला. मायकलचा मोठा भाऊ विल्यम २०१८ मध्ये डब्लिनजवळच्या स्केरीजच्या शर्यतीत गेला. मायकल अजून धावतो. २०२४ मध्ये त्याने काकाचा २६ विजयांचा विक्रम मोडला. चोवीस वर्षं तो आकडा कोणाच्या हाती लागला नव्हता.

एपिसोडची तयारी करत होतो तेव्हा १९८३ सालची एक फिल्म सापडली, जोईच्या होंडावर कॅमेरा बसवून घेतलेला टीटीचा फेरा. जेवणानंतर बघत बसलो होतो. बाबा आले. "काय बघू राहिला?" म्हणाले आणि शेजारी बसले. थोड्या वेळाने बघतो तर डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "आत्ता वळण होतं का? आधीच गॅस सोडला त्यानं. बळजबरी नाही करत गाडीवर." मी परत मागे घेऊन बघितलं. होतं वळण.

मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. फ्रँक, मर्विन, पाच मुलं, टालिन, रॉबर्ट, विल्यम. आणि विचारलं, "बाबा, संसारी माणूस असं करतो का?"

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या बायकोला विचार."

"आणि तुम्ही आरएक्स का विकली?"

"तू होता ना मागं बसायला. दौलताबादच्या घाटात एकदा घसरली. काही झालं नाही तुला, खरचटलं. पण मी विकली."

मला यातलं काही आठवत नाही. गुडघ्यावर एक वण आहे, तो मी आजवर क्रिकेटचा समजत होतो.

आई ओटा पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आतूनच म्हणाली, "मी कुठं म्हणले होते विका म्हणून? मला विचारलं का कुणी? विकली आणि दोन वर्षं तोंड पाडून फिरले घरात. त्याच्यापेक्षा गाडी बरी होती."

बाबा माझ्याकडे बघून कसनुसे हसले आणि म्हणाले, "लाव परत ती फिल्म. आवाज वाढव जरा."

तो कोइम्बतूरचा टॅब अजून उघडा आहे. त्या रात्री बायकोला पहिल्यांदा दाखवला. तिने रकाना वाचला, फॉर्म वर-खाली केला आणि फी किती आहे ते विचारलं. मी आकडा सांगितल्यावर म्हणाली, "हेल्मेट कोणतं नेणार आहेस? तुझ्या हेल्मेटची तारीख उलटून गेलीय."

पुढचा एपिसोड दोन आठवड्यांनी.